‘सेट्’ आणि ‘रन्’

सूर्य मावळतो तें ‘सेट्’, मेज मांडतात तें ‘सेट्’, आणि वैद्य मोडलेलें हाड बसवितो तेंही ‘सेट्’च! इंग्रजीचीं असलीं घरगुती क्रियापदें कोशकारांस फार छळतात. विद्वज्जड शब्दाचा निकाल चार ओळींत लागतो. ह्यांचा लागत नाहीं. जेम्स मरे यांनीं १८७९ सालीं ऑक्सफर्डच्या महाकोशाचें संपादन पत्करलें, तेव्हां दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. १९१५ सालीं ते निवर्तले तेव्हां कोश अपुराच होता; सहकारी हेन्री ब्रॅड्ले १९२३ सालीं गेले, आणि समाप्ति झाली १९२८ सालीं.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत एकट्या ‘सेट्’नें सुमारें ६०,००० शब्दांची जागा व्यापली. परंतु पुढील संशोधनांत, २०११ सालीं, ६४५ अर्थांनिशीं ‘रन्’नें अग्रस्थान पटकाविलें. ह्याचें श्रेय बहुतांशीं यंत्रयुगास द्यावें लागेल. मनुष्य, घोडा व पाणी पूर्वींपासून ‘रन्’ होतच होतीं. मागाहून आगगाडी, कारखाना आणि संगणकाची आज्ञावलीही ‘रन्’ होऊं लागली. मराठी ‘चालणें’ ह्याच वाटेचें. घड्याळ चालतें, खटला चालतो. आणि ‘चहा चालेल काय?’ ह्या प्रश्नांत तर पाय कोणाचेच हालत नाहींत.