कौलारू घराची जुनी पन्हळ बदलताना

भिवपुरी परिसरात जुन्या घरांच्या पत्र्याच्या पन्हळी गंजून गळतात. ते पाणी जोत्याशी मुरलं की मातीची भिंत फुगते, पाया खचतो. म्हणून मिरगाआधी, म्हणजे 7 जूनपूर्वी काम उरकावं.

500 चौरस फूट छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरवर पाणी खाली येतं. एवढं पाणी झेलायला पन्हळ 6 इंची घ्यावी. पीव्हीसीची गंजत नाही.

आधी वाशांची टोकं बघावीत. कुजलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही. दर 2 फुटांवर क्लॅम्प आणि 10 फुटांना अर्धा ते एक इंच उतार द्यावा. खाली उतरणारा पाइप 4 इंची ठेवून पाणी जोत्यापासून लांब काढावं. शेवटी बादलीभर पाणी ओतून बघावं. कुठे साचलं तर तिथला क्लॅम्प वर-खाली करावा.