लघुसैनिक, मध्ययुगीन
मध्ययुगीन लढाया टेबलावर खेळण्यासाठी जमवलेल्या व हाताने रंगवलेल्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या सैनिकमूर्ती. प्रचलित माप २८ मिमी. एच. जी. वेल्सच्या ‘लिटल वॉर्स’ने (१९१३) खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांना छापील नियम दिले, गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन नियमावलीतून पुढे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा भूमिका-खेळ घडला. कड्यांचे चिलखत रंगवणे त्यामानाने सोपे: काळ्या थरावरून चंदेरी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला की उंचवटे उजळतात, खाचा काळ्याच राहतात. खरी कसोटी कुलचिन्हांची. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या सैनिकांना तुतीच्या व निळ्या रंगाचा डगला आणि पांढरे रानडुक्करच हवे. तिथली चूक जाणकार लगेच हेरतात. न रंगवलेल्या मूर्तींचा साठा मात्र बहुतेक संग्राहकांकडे वाढतच असतो.