तळटीप १४ : विवाहित धर्मगुरू

१४. ‘फादर अविवाहितच असतात’ : हे विधान लॅटिन चर्चपुरते, तेही मोजके अपवाद सोडून, बरोबर आहे. दिवा-डोंबिवली पट्ट्यातले लॅटिन कॅथलिक मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. तिथे 1983च्या धर्मसंहितेतील कलम 277नुसार धर्मगुरूंना ब्रह्मचर्य बंधनकारक आहे. याच पट्ट्यातले, मूळ केरळचे सिरो-मलबार कॅथलिक 1988 साली धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याण महाधर्मप्रांतात येतात. त्यांना पौर्वात्य चर्चांची 1990ची संहिता लागू होते. तिच्या कलम 373मध्ये ब्रह्मचर्याबरोबर विवाहित धर्मगुरूंची परंपराही सन्मान्य मानली आहे. विवाहित पुरुषाला दीक्षा देण्याचा प्रश्न त्या-त्या चर्चच्या नियमांवर सोडला आहे. दीक्षेनंतर केलेला विवाह मात्र, खास सूट नसेल तर, दोन्ही संहितांत अवैध. मलबारात पूर्वी विवाहित धर्मगुरू होते. गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांनी 1599 साली भरवलेल्या उदयम्पेरूरच्या धर्मसभेने त्यांच्यावर ब्रह्मचर्य लादले. त्यामुळे संहितेत वाट मोकळी असली, तरी कल्याणचे सिरो-मलबार फादरही आज अविवाहितच असतात. – संपादक