अमळनेरचा डबा आणि गुलाबी रंग

आज विप्रोबद्दल बोलायचंय, पण विषय कोडिंगचा नाही. विषय आहे तूप, म्हणजे तुपासारखं दिसणारं काहीतरी.

२९ डिसेंबर १९४५ ला अझीम प्रेमजींचे वडील एम. एच. प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. कारखाना आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. माझ्या टीममधल्या पोरांना हे अजून खरं वाटत नाही! खानदेशात भुईमूग होता, सुरत-भुसावळ रेल्वे गावातूनच जात होती. तेल तापवून, निकेल वापरून त्यात हायड्रोजन सोडला की पातळ तेल घट्ट, पांढरं होतं. हीच वनस्पती. डालडा १९३७ पासून बाजारात होता, म्हणून डबा कुठल्याही कंपनीचा असो, घरात नाव डालडाच. रिकाम्या डब्यात तुळस.

लोकांना तेव्हा भीती होती ती भेसळीची. वनस्पती साजूक तुपात मिसळली की ओळखू येत नसे. गांधीजींचा तिला विरोध होता, पुढे संसदेतही बंदीची मागणी झाली. वनस्पतीला रंग द्या, असंही लोक म्हणत होते. तोडगा निघाला तो तिळाचा. वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं. मग तुपाच्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडी साखर घालून हलवायचं. खाली गुलाबी-लाल थर आला की चोरी पकडली. मला तर ही आयडिया जाम आवडते, मालातच टॅग टाकून ठेवायचा!

पण ही चाचणी एवढंच सांगते की तुपात वनस्पती आहे का. वनस्पती पोटात गेल्यावर काय करते, हे ती सांगत नाही. तेल अर्धवट घट्ट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं, हे मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली १ जानेवारी २०२२ ला. तोवर किती खारी, किती टोस्ट, किती लग्नातले लाडू खाऊन झाले होते!

धुळ्याला माझी आजी अजून तूप तळहातावर चोळून बघते, "हाई तूप शे का डालडा?" खरं की खोटं, एवढाच तिचा प्रश्न, आणि सरकारचाही बरीच वर्षं तोच होता. दिवाळीत मी तिला टोस्टच्या पुड्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली: हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट. चौथी शिकलेली बाई, मराठी पेपर रोज वाचते. म्हणाली, "म्हणजे डालडाच ना? मग तसं लिहीत का नाहीत?"

मी म्हटलं, आजी, ते एका ब्रँडचं नाव आहे. तिला काही पटलं नाही. तिने डब्यातून बिस्किटाचा पुडा काढला आणि माझ्या हातात दिला, हा पण वाच.