बावन्न सेकंदांचं गाणं

हिंजवडीतल्या आमच्या सोसायटीत प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन असतं. माणसं सगळ्या राज्यांतली, बहुतेकांची नोकरी आयटी पार्कात. एका वर्षी कुणीतरी मोबाइलवरून मोठ्या वाद्यवृंदाचं राष्ट्रगीत लावलं. व्हायोलिन, ट्रम्पेट, ड्रम, सगळं भारदस्त. पण गाणाऱ्यांना ते झेपेना. पुरुषांचा आवाज वर फाटायचा, बायकांचा सुरुवातीलाच खाली बुडायचा. लय इतकी संथ, की पोरं वाद्यांच्या पुढे पळायची. हळूहळू निम्म्या लोकांनी ओठ मिटून घेतले. घरी येऊन मी पेटी काढली. षड्ज निघाला काळी तीनचा. घड्याळ लावलं, एक मिनिट दहा सेकंद! सरकारी नियमाप्रमाणे पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागायला हवेत.

पट्टी, लय आणि भाव. ध्वनिमुद्रणातल्या या गोष्टी कुणाला किरकोळ वाटतील. पण आपलं राष्ट्रगीत कोणतं, हा प्रश्न एकदा थेट त्यांच्यापाशीच येऊन थांबला होता, आणि त्या वादात पुण्याचा एक गवई उतरला होता.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी आपलं शिष्टमंडळ न्यूयॉर्कला गेलं होतं. एका प्रसंगी वाजवण्यासाठी त्यांच्याकडे भारताचं राष्ट्रगीत मागितलं गेलं. तोवर काही ठरलेलंच नव्हतं. हाताशी 'जन गण मन'ची एक तबकडी होती, ती वाद्यवृंदाला दिली. त्यांनी ऐकून सराव केला आणि वाजवलं. ते इतकं आवडलं, की अनेक देशांच्या प्रतिनिधींनी स्वरलिपी मागितली. ही हकीकत पंडित नेहरूंनीच २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत सांगितली. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची, असं त्यांचं म्हणणं होतं. 'वंदे मातरम'ची चाल सुंदर आहे, पण वाद्यवृंदावर ती सहज बसत नाही, तिच्यात पुरेशी गती नाही, असंही ते म्हणाले. प्रांतांच्या गव्हर्नरांना विचारलं तेव्हा एकाचाच अपवाद निघाला, मध्य प्रांताचा, म्हणजे आपल्या नागपूरचा.

'वंदे मातरम'वरचे आक्षेप केवळ सुरांचे नव्हते. मुस्लिम सभासदांची हरकत जुनी होती, राजकारणही होतं. पण सुरांच्या आक्षेपाला सुरांनी उत्तर देता येत होतं, आणि ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी मनावर घेतलं. १८९८ मध्ये आळंदीला जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, प्रभातच्या 'माणूस' आणि 'शेजारी'चे संगीतकार. मैफलीत ते 'वंदे मातरम' झिंझोटीत गात. झिंझोटी हा मवाळ राग. खाली मंद्रात रमणारा, कोमल निषादाशी घुटमळणारा, मींडेवर जगणारा. आळवणीला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण बँडमध्ये ट्रॉम्बोन सोडला तर मींड घ्यायची कुणी? एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याऐवजी उडी मारावी लागते, आणि उडी मारली की आर्जव संपतं.

उलट 'जन गण मन'मध्ये बहुतेक शुद्ध स्वर आणि साधारणपणे एका अक्षराला एक सूर. पावलागणिक चालणारी चाल. शिवाय तिची तालीम आधीच झालेली होती. ११ सप्टेंबर १९४२ रोजी सुभाषबाबूंच्या उपस्थितीत हॅम्बुर्गमध्ये एका वाद्यवृंदाने ती वाजवली होती. पुढे आझाद हिंद सेनेने तीच चाल हिंदुस्थानी शब्दांत, कूच करण्याच्या लयीत गायली.

कृष्णराव मुंबईला गेले. पोलिस बँडचे प्रमुख गार्डनर यांच्या मदतीने त्यांनी 'वंदे मातरम' बँडवर बसवलं, सगळ्यांना एकत्र म्हणता येईल अशा बेताने. मग दिल्लीत संविधान सभेच्या सभासदांपुढे ते ऐकवलं. मला वाटतं, नेहरूंची तक्रार खोटी नव्हती, पण घाईची होती. गती काही चालीच्या पोटात जन्मत नाही, मांडणी करणारा ती घालतो. दोन गाण्यांची तुलना झाली तेव्हा एक वाद्यवृंदावर घोटलेलं होतं, दुसरं अजून बैठकीतच होतं.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसादांनी निर्णय जाहीर केला. 'जन गण मन' राष्ट्रगीत, आणि 'वंदे मातरम'ला तितकाच मान. 'जन गण मन'ची वाद्यवृंदासाठीची मांडणी इंग्रज संगीतकार हर्बर्ट मुरिल यांनी केली. कृष्णराव दिल्लीत हरले म्हणा हवं तर. पण झिंझोटीतलं त्यांचं 'वंदे मातरम' मुद्रित होऊन राहिलं आहे.

आमच्या सोसायटीत शेजारच्या मजल्यावरचा एक मुलगा सॉफ्टवेअरवाला आहे. तबकडीच्या काळी वेग वाढवला की पट्टीही चढायची. आता या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात. त्याने ते ध्वनिमुद्रण काळी तीनवरून पांढरी दोनवर उतरवलं आणि लय वाढवली. वेळ आली चोपन्न सेकंद. पंधरा ऑगस्टला शेवटच्या जयघोषाचा तार षड्ज पुरुषांनाही लागला आणि बायकांनाही. नंतर चहा घेताना मी त्याला मास्टर कृष्णरावांचं 'वंदे मातरम' ऐकवलं. डोळे मिटून त्याने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "काका, याचीही थोडी लय वाढवू का?"