बंद न होणारा पंप

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. पटकी, म्हणजे कॉलरा. आमच्या वर्ध्याकडे साथ आली की मरीमायची पूजा व्हायची, तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. घरात मात्र माणूस डोळ्यांदेखत सुकत जायचा. काही तासांत डोळे खोल, आवाज गेलेला...

१९३९ साली सुशीला नय्यर डॉक्टर होऊन सेवाग्रामला आल्या. भाऊ प्यारेलाल गांधीजींचे सचिव होते. (गावाचं नाव तेव्हा शेगावच. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होई म्हणून १९४० साली ते बदललं.) बाईंचं वय पंचविशीच्या आत. आल्या आल्या वर्ध्यात पटकी उसळली आणि त्यांनी साथीला जवळजवळ एकटीनं तोंड दिलं.

मला कुतूहल आहे ते वेगळंच. त्यांना शत्रूबद्दल काय माहीत होतं? जंतू माहीत होता. शिरेतून मिठाचं पाणी द्यावं हेही माहीत होतं, पण खेड्यात निर्जंतुक सलाईन आणायचं कुठून? आणि अंगातलं पाणी जातं का, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आतड्याचं अस्तर सोलून निघतं, असा जुना समज होता.

१९५९ साली कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढले आणि उरलेला द्राव सशाच्या आतड्यात सोडला. आतडं पाण्यानं फुगलं. म्हणजे काम विषाचं! हे विष नेमकं काय करतं, हे कळायला आणखी वीसेक वर्षं गेली.

आपल्या पेशींवर निरोप घेणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही आतल्या जी प्रथिनाला चालू करतो. हे प्रथिन म्हणजे ओलिताच्या पंपाचा स्टार्टर समजा, पण टायमरसकट. जीटीपी नावाचा रेणू धरला की चालू, काही सेकंदांत तो स्वतःच तोडला की बंद. निरोप किती जोराचा, यापेक्षा बटण किती वेळ दाबलेलं राहतं, यावर सगळं ठरतं. पटकीचं विष ग्राहीला हातही लावत नाही. ते फक्त टायमर मोडतं. मग क्लोराइड बाहेर, त्यामागे पाणी, कधी तासाला लिटरभर. पेशी मात्र धडधाकट! याच विषाच्या खुणेनं शास्त्रज्ञांना ते जी प्रथिन ओळखता आलं. जी प्रथिनांच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ साली नोबेल मिळालं. डे यांना नाही. असो.

मला चटका लावते ती पुढची गोष्ट. पेशी धडधाकट असते, म्हणून तिचा दुसरा दरवाजाही उघडा असतो. तिथून ग्लुकोज आणि मीठ जोडीनं आत जातात आणि पाणी ओढून नेतात. त्याला या टायमरशी देणंघेणं नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी नुसतं साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. काही दिवसांत अस्तराच्या पेशी नव्या येतात, पंप आपोआप थांबतो. तोवर तगलं म्हणजे झालं.

१९३९ साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ गुळाचा प्रचार करत होता. मीठ तर घरोघरी होतंच.

सुशीलाबाईंनी १९६९ साली सेवाग्रामात मेडिकल कॉलेज काढलं. महालनबीसांची छावणी अजून दोन वर्षं दूर होती.