मंगळावरची राजकन्या आणि गिरगावची पोर

काळाचौकीतून बोलतोय. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद केलाय, तेव्हा पटकन सुरू करू.

आज गोष्ट मंगळावरच्या बुद्धिबळाची. म्हणजे कादंबरीतल्या मंगळावरच्या. टारझन लिहिणाऱ्या एडगर राइस बरोजची १९२२ सालची एक कादंबरी आहे, 'द चेसमेन ऑफ मार्स'. त्यात त्याने 'जेटान' नावाचा खेळ तयार केला. पट १० बाय १० चा, घरं काळी आणि नारिंगी, दोन्हीकडे २०-२० मोहरी. भारी गोष्ट म्हणजे पुस्तकाच्या शेवटी सगळे नियम दिलेत. मी पुठ्ठ्यावर पट आखून खेळून बघितला. चालतो राव!

यात एक मोहरं आहे राजकन्या. तिला कुणाला मारता येत नाही, धोक्याच्या घरात जाता येत नाही. अख्ख्या डावात एकदाच, दहा घरं लांब पळता येतं. समोरच्याची राजकन्या गाठली की डाव जिंकला. कादंबरीत तर जिवंत माणसंच मोहरी होतात. नायिका तारा हिला राजकन्या म्हणून पटावर उभं करतात आणि पुरुष तलवारी घेऊन लढतात. थोडक्यात, ती खेळाडू नाही, बक्षीस आहे.

हसू नका, आपल्या पटावर तर बाईच नाही. इंग्रजांची राणी आपल्याकडे वजीर.

मग पटासमोर बसायचं कुणी? हा प्रश्न इथून जवळच, गिरगावात सुटला. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली: वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये धाकटी रोहिणी, वय वर्षं १३, थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ! प्रकरण हायकोर्टात गेलं, निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे, स्वतः माजी जगज्जेते, यांनीही सांगितलं की बाई आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. त्याच वर्षी ती महिलांची राष्ट्रीय विजेती झाली आणि १९८१ मध्ये आशियाई विजेती.

हे वाचताना मला आमची ताई आठवली. बिल्डिंगखाली कॅरम रंगायचा, ती खेळायला आली की आम्ही म्हणायचो, "तू गुण लिही." मीही म्हणायचो. ती गुण अगदी बरोबर लिहायची. एकदा वही ठेवून वर गेली, परत आलीच नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, कंटाळली असेल.

परवा जेटानचा पुठ्ठा तिच्यासमोर ठेवला. नियम ऐकून ती म्हणाली, "राजकन्येलाही मारता येईल असं कर, मग खेळते."

नियम बदलला. दोन्ही डाव मी हरलो.

तुमच्या गल्लीत गुण कोण लिहायचं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!